तीनने का भागायचे?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त राशिव्यवहार नावाचे एक छोटेसे प्रकरण आहे. खळ्यावर पडलेली धान्याची रास मापाने न मोजता, नुसती तिच्या बुडाभोवती दोरी फिरवून, तिच्यात किती धान्य आहे ते काढण्याची रीत त्यात सांगितली आहे. परिघाचा सहावा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि उंचीने गुणायचे, झाले घनफळ. उंचीसुद्धा मोजायला नको. भरड धान्य असेल तर ती परिघाच्या दहाव्या भागाएवढी धरायची, बारीक धान्य असेल तर अकराव्या आणि कुसळाचे धान्य असेल तर नवव्या भागाएवढी. भरड धान्याची रास ६० हात परिघाची असेल तर तिची उंची ६ हात. १० चा वर्ग १००, गुणिले ६, म्हणजे ६०० घनहात. घनहाताला मागधी खारी म्हणतात हे ग्रंथाच्या आरंभीच सांगितलेले असल्यामुळे उत्तर थेट ६०० खारी. उंचीचे हे तीन अपूर्णांक मनाला येतील तसे घेतलेले नाहीत. त्यांवरून राशीच्या उताराचे कोन काढले तर कुसळाच्या धान्यासाठी सुमारे ३५ अंश, भरडासाठी ३२ आणि बारकासाठी ३० येतात. कुसळे एकमेकांत अडकतात म्हणून ती रास उभट राहते, बारीक दाणे घरंगळतात म्हणून त्यांची रास बसकी होते. ११५० साली लिहिलेल्या या ग्रंथामागे कोणीतरी राशी नीट न्याहाळल्या होत्या, हे उघड आहे.

आता शाळेतले सूत्र आठवा. धान्याची रास म्हणजे शंकू, आणि शंकूचे घनफळ म्हणजे पायाचे क्षेत्रफळ गुणिले उंची, भागिले तीन. भास्कराचार्यांच्या रीतीत हा भागिले तीन कुठेच दिसत नाही. तो गेला कुठे? परिघावरून त्रिज्या काढताना व्यवहारासाठी पायची किंमत ढोबळ ३ धरली, म्हणून परिघाचा सहावा भाग हीच त्रिज्या झाली. मग वर्तुळाच्या क्षेत्रफळातला पाय, म्हणजे तोच ३, अंशात आला आणि शंकूचा ३ छेदात होताच; दोन्ही एकमेकांना खाऊन मोकळे झाले. सूत्र सुटसुटीत झाले, पण त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा दिसेनासा झाला. समजा, एखाद्याला ही रीत नुसती पाठ आहे आणि त्याला पाय २२/७ घेऊन उत्तर सुधारायचे आहे. तो कुठे काय बदलणार? खरे उत्तर ६०० नव्हे, सुमारे ५७३ खारी आहे, पण तिथवर पोहोचायला ३ कुठे लपला आणि मुळात तो आला कोठून, हे ठाऊक हवे. स्वतः भास्कराचार्यांना ते ठाऊक होते. २२/७ आणि त्याहून सूक्ष्म ३९२७/१२५० या दोन्ही किमती ‘लीलावती’तच आहेत. आपल्या दहावीच्या विद्यार्थ्याला मात्र हा तीन उघडा दिसतो आणि तरीही तो कोठून आला हे सांगितले जात नाही. माझे म्हणणे असे की, घनफळाच्या अख्ख्या प्रकरणात समजून घेण्यासारखी मुख्य गोष्ट हा तीनच आहे, आणि ती समजावणे शाळेच्या आवाक्याबाहेरचे मुळीच नाही.

महत्त्वमापनाचे प्रकरण उघडले की सूत्रांचा तक्ता समोर येतो: इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू, गोल, अर्धगोल, शंकुछेद. पुढे उदाहरणे. त्यांतल्या त्रिज्या बहुधा ७, १४, २१ किंवा ३.५ असतात, कारण २२/७ मधला ७ कापला गेला पाहिजे; सातच्या पाढ्याचे इतके लाड गणितात दुसरीकडे कुठे होत नसतील. इष्टिकाचितीपर्यंत सगळे कारणासह चालते. तळाशी एक सेंटिमीटर जाडीचा थर किती घनांचा आणि असे थर किती, हे विचारले की लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची आपोआप येते. वृत्तचितीलाही तेच कारण पुरते, फक्त थराचा आकार गोल. त्याआधी त्रिकोणाच्या क्षेत्रफळातला अर्धा कोठून आला हेही मुलांनी पाहिलेले असते. आयत कर्णावर कापला की दोन सारखे तुकडे हातात येतात. कारणांची ही वाट शंकूपाशी येऊन एकदम तुटते. ‘असे प्रयोगाने आढळते’ एवढ्यावर काम भागवले जाते आणि तिथून पुढे गोल व शंकुछेद ही सूत्रे नुसती हुकमासारखी येतात.

कारण न विचारता फक्त साधर्म्यावर भिस्त ठेवली तर किती मोठा माणूस चुकू शकतो, याचा दाखला आपल्याच परंपरेत आहे. ४९९ सालच्या ‘आर्यभटीया’तल्या गणितपादात सूचीचे, म्हणजे पिरॅमिडसारख्या टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या आकृतीचे, घनफळ पायाचे क्षेत्रफळ गुणिले उंचीच्या अर्धे सांगितले आहे. त्या श्लोकाचा अर्थ वेगळा लावून चूक टाळण्याचा प्रयत्न काही अभ्यासकांनी केला आहे, पण सरळ वाचन अर्ध्याचेच आहे. त्याच श्लोकाच्या पूर्वार्धात त्रिकोणाचे क्षेत्रफळ आहे आणि तिथे अर्धा बरोबर आहे. पुढच्याच श्लोकात गोलाचे घनफळ येते: वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले त्याचेच वर्गमूळ. चौरसाचे क्षेत्रफळ त्याच्या वर्गमूळाने गुणले की घन मिळतो, मग वर्तुळाचे गुणले की गोल मिळावा, असा हा विचार दिसतो. उत्तर खऱ्याहून जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त येते. दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत: पातळीवर जे खरे ते अवकाशातही तसेच असेल, हे गृहीत धरणे. आज नववीतल्या मुलाला शंकूचे सूत्र न सांगता अंदाज करायला सांगितले, तर तोही ‘अर्धे’ म्हणण्याची शक्यता फार मोठी आहे. आर्यभटांशी जुळणारा अंदाज करणाऱ्या मुलाला चूक म्हणून खाली बसवण्यापेक्षा तिथूनच धडा सुरू करावा, एवढी त्या अंदाजाची प्रतिष्ठा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. सारख्या पायाचे आणि सारख्या उंचीचे पुठ्ठ्याचे शंकू व वृत्तचिती करून वाळू ओतायची, तीन शंकूंत वृत्तचिती भरते हे मुलांनी डोळ्यांनी पाहायचे. आणखी काय हवे? या कृतीला मी कमी लेखत नाही. अर्ध्याचा अंदाज ती दोन मिनिटांत मोडीत काढते. पण तिच्याकडून नेमके काय सिद्ध होते ते पाहावे. वाळू दाबून भरली की सैल, शंकूचे टोक नीट मिटले की नाही, पुठ्ठा किती जाड, यांवर उत्तर हलते. इथेच घनफळ आणि धारकता यांतला फरकही आडवा येतो. बाहेरून १० सेंटिमीटर कडेचा बंद डबा म्हणजे १००० घन सेंटिमीटर, बरोबर एक लीटर. पण पुठ्ठा २ मिलिमीटर जाड असेल तर आतली कडा ९.६ सेंटिमीटर उरते आणि डब्यात मावते जेमतेम ८८५ मिलिलीटर. मोजताना फूटपट्टी बाहेरून लावली की आतून, एवढ्याने शंभरात अकरा-बारा गेले. अशा साधनांनी ०.३३ आणि ०.३५ यांत निवाडा होणार नाही. वाळू ‘सुमारे तीन’ सांगते, सूत्र ‘बरोबर तीन’ म्हणते, आणि या दोहोंमधले अंतर वर्गात कोणीही भरून काढत नाही. शिवाय टोक एका बाजूला कललेल्या शंकूचे काय, या प्रश्नाला वाळूकडे उत्तर नाही. प्रत्येक कललेल्या शंकूसाठी नवा पुठ्ठा कापावा लागेल.

बरोबर तीन येतात ते असे. एक घन घ्या आणि त्याच्या एका शिरोबिंदूवर बोट ठेवा. घनाच्या सहा पृष्ठांपैकी तीन त्या बिंदूला मिळतात, तीन मिळत नाहीत. न मिळणाऱ्या प्रत्येक पृष्ठाच्या चारही कोपऱ्यांपासून त्या बिंदूपर्यंत रेघा ओढल्या की एकेक सूची तयार होते: पाया चौरस, आणि टोक पायाच्या मध्यावर नसून एका कोपऱ्याच्या बरोबर वर. अशा तीन सूची होतात, तिन्ही तंतोतंत सारख्या, आणि त्या मिळून अख्खा घन भरतो. मध्ये पोकळी नाही, वर काही शिल्लक नाही. म्हणून प्रत्येकीचे घनफळ घनाच्या एक तृतीयांश. करून पाहायचे असेल तर माप असे आहे: १० सेंटिमीटर बाजूचा एक चौरस, त्याच्या लगतच्या दोन बाजूंवर १० आणि १० सेंटिमीटर काटकोनी भुजांचे दोन त्रिकोण, उरलेल्या दोन बाजूंवर १० आणि १४.१ सेंटिमीटर काटकोनी भुजांचे दोन त्रिकोण, ज्यांचा कर्ण १७.३ येतो. घडी घालून चिकटवली की एक सूची. तीन जोडल्या की एक लीटरचा घन. चिनी गणिती लिऊ हुई याने २६३ साली लिहिलेल्या भाष्यात घनाचे असेच तुकडे पाडून सूचीचे घनफळ समजावले आहे. तीन का, याचे उत्तरही इथे आपोआप दिसते. चौरसात एका कोपऱ्याला न मिळणाऱ्या बाजू दोन, म्हणून त्रिकोणात अर्धा. घनात न मिळणारी पृष्ठे तीन, म्हणून सूचीत तृतीयांश. पातळीच्या मिती दोन, अवकाशाच्या तीन. आर्यभटांची गल्लत नेमकी याच पायरीवर झाली.

पण ही एक विशिष्ट सूची झाली. टोक मध्यावर असलेली किंवा पाया गोल असलेली आकृती अशी कापता येत नाही. इथे थरांची कल्पना पुन्हा उपयोगी पडते. पत्त्यांचा जोड सरळ रचला काय आणि तिरका सरकवला काय, पत्ते तेवढेच राहतात; तसे सूचीचे पातळ थर आडवे सरकवून टोक हवे तिथे नेले तरी घनफळ बदलत नाही. इटलीच्या काव्हालिएरीने १६३५ साली हे तत्त्व ग्रंथरूपात मांडले. प्रत्येक उंचीवर दोन आकृत्यांचे काप सारख्या क्षेत्रफळाचे असतील तर त्या आकृत्यांचे घनफळही सारखे. शंकूचा काप आणि तितक्याच पायाच्या सूचीचा काप वर जाताना एकाच प्रमाणात लहान होतात, म्हणून शंकूलाही तोच तृतीयांश लागू. एखादा चोखंदळ विद्यार्थी इथे हात वर करील: थरांना जाडी असेल तर कडेला पायऱ्या राहतील, आणि जाडी नसेल तर थर रचून उंची कशी होईल? हा हात सर्वांत आधी ग्रीसच्या डेमोक्रिटसने वर केला होता, आणि शंकूचा तृतीयांश पहिल्यांदा सांगणाराही तोच. सिद्धता नंतर युडॉक्ससने दिली. आर्किमिडीजने दोघांचेही ऋण नोंदवले आहे आणि सिद्धतेशिवाय सांगणाऱ्यालाही त्यात मोठा वाटा दिला आहे. ही नोंद ज्या हस्तलिखितात आहे, त्याच्यावरचा मजकूर खरवडून वर प्रार्थना लिहिल्या गेल्या होत्या. १९०६ साली हायबर्ग या अभ्यासकाने कॉन्स्टँटिनोपलमध्ये तो पुन्हा वाचून काढला.

पायऱ्यांची ही अडचण टाळून फक्त कापून-जोडून कोणत्याही सूचीचे घनफळ सिद्ध करता येईल का, असा प्रश्न डाव्हिड हिल्बर्टने १९०० साली पॅरिसच्या परिषदेनंतर प्रसिद्ध केलेल्या आपल्या सुप्रसिद्ध २३ प्रश्नांत तिसऱ्या क्रमांकावर ठेवला, आणि त्याचाच विद्यार्थी मॅक्स डेन याने अल्पावधीत ‘नाही’ असे उत्तर सिद्ध केले. म्हणजे त्रिकोणाचा अर्धा कात्रीने मिळतो, सूचीचा तृतीयांश सर्वसाधारणपणे कात्रीने मिळत नाही. कधी ना कधी अनंत बारीक थरांना सामोरे जावेच लागते. इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्याहून वजनदार आहे: मग हे शाळेत कसे शिकवणार, त्याला कलनशास्त्र लागेल. मला हे पटत नाही, कारण सातवीच्या अंकगणिताने पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कोंडीत पकडता येते. सारख्या लहान घनांची दहा थरांची सूची रचा: तळाला १० गुणिले १०, त्यावर ९ गुणिले ९, असे करत वर एक. एकूण घन ३८५. सबंध पेटी १००० घनांची. या पायऱ्या खऱ्या सूचीच्या बाहेर येतात, म्हणून सूची ३८.५ टक्क्यांहून कमी. आता तळाचा थर काढून बाकीचे एकेक पायरी खाली आणले तर पायऱ्या सूचीच्या आत राहतात, घन २८५. म्हणून सूची २८.५ टक्क्यांहून जास्त. आर्यभटांचा अर्धा दहा थरांतच बाद झाला. शंभर थर घेतले तर बाहेरचा आकडा ३३.८ टक्के आणि आतला ३२.८. हजार थरांना ३३.४ आणि ३३.३. दोन्ही आकड्यांत फरक नेहमी फक्त तळाच्या एका थराचा, आणि थर वाढतील तसा तो हवा तेवढा लहान होतो. डेमोक्रिटसच्या शंकेला याहून प्रामाणिक उत्तर शाळेत कशाला हवे?

या हिशेबाला एक ते दहाच्या वर्गांची बेरीज लागते, आणि तिचे सूत्र कोठे आहे? त्याच ‘आर्यभटीया’त, त्याच गणितपादात, सोळा श्लोक पुढे. शेवटची संख्या, तिच्यात एक मिळवून येणारी संख्या आणि या दोहोंची बेरीज, या तिघांचा गुणाकार भागिले सहा. आर्यभट त्याला वर्गांच्या रचलेल्या चितीचे घनफळच म्हणतात. सूचीचा तृतीयांश काढायला लागणारे हत्यार त्यांच्या हातात होते. केरळच्या नीलकंठ सोमयाजींनी १५०० च्या आसपास आर्यभटीयावरील भाष्यात ही बेरीज ठोकळ्यांच्या रचनेने समजावून दिली. त्याच परंपरेतल्या ज्येष्ठदेवांच्या ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात गोलाचे पृष्ठफळ व घनफळ बारीक कापांच्या बेरजेने काढून दाखवले आहे. म्हणजे सूत्रामागची युक्ती लोकभाषेत लिहून शिष्यांना शिकवणे आपल्याकडे सोळाव्या शतकात चालू होते.

एकदा तृतीयांश कळला की पुढची सूत्रे पाठ करण्याचे ओझे हलके होते, आणि परीक्षेच्या दृष्टीने हाच खरा लाभ आहे. बादली घ्या: वरची त्रिज्या १४ सेंटिमीटर, तळाची ७, खोली ३०. सरासरी त्रिज्या १०.५ घेऊन तिला वृत्तचिती मानले तर १०.३९५ लीटर येतात. वरच्या आणि तळाच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली तर ११.५५ लीटर. पहिले उत्तर कमी, दुसरे जास्त. खरे कुठेतरी मध्ये आहे, पण नेमके मध्यावर नाही. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली खड्ड्यांच्या घनफळासाठी ही दोन्ही उत्तरे काढायला सांगितली, एक व्यावहारिक आणि दुसरे औत्र, आणि मग त्यांतल्या फरकाचा तृतीयांश पहिल्यात मिळवायला सांगितला. आपल्या बादलीत फरक १.१५५ लीटर, त्याचा तृतीयांश ०.३८५, आणि बेरीज १०.७८ लीटर. पाठ्यपुस्तकातले शंकुछेदाचे लांबलचक सूत्र वापरा, हेच येईल. निमुळत्या टोकाचे घनफळ पायाच्या तृतीयांशाने चालते हे ब्रह्मगुप्ताने त्याच ठिकाणी स्पष्ट सांगितले आहे. आर्यभटांची चूक सव्वाशे वर्षांत दुरुस्त झाली. इजिप्तच्या सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या मॉस्को पपायरसात अशाच छाटलेल्या सूचीचे उदाहरण आहे: तळाची बाजू ४, माथ्याची २, उंची ६, उत्तर ५६. तिथेही उंचीचा तृतीयांशच घेतला आहे.

गोलाचेही तसेच. त्रिज्या आणि उंची सारखी असलेली वृत्तचिती घ्या, तिच्यातून उलटा शंकू कोरून काढा आणि शेजारी अर्धगोल ठेवा. कोणत्याही उंचीवर दोन्हींचे आडवे काप सारख्याच क्षेत्रफळाचे येतात. त्यासाठी पायथागोरसचे प्रमेय पुरते. म्हणून अर्धगोल म्हणजे वृत्तचिती वजा तिचा तृतीयांश, म्हणजे दोन तृतीयांश. शंकू, अर्धगोल, वृत्तचिती यांचे प्रमाण एकास दोनास तीन. वृत्तचितीत बसलेल्या गोलाची आकृती आर्किमिडीजने आपल्या थडग्यावर कोरायला सांगितली होती, आणि तिच्यावरूनच इसवीसनपूर्व ७५ मध्ये सिसेरोने ते थडगे ओळखले. ‘लीलावती’त गोलाचे घनफळ पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले सहा असे आहे. त्यातला सहा म्हणजे तीन दुणे सहा: गोल केंद्राशी टोक असलेल्या असंख्य बारीक सूचींचा बनलेला माना, प्रत्येकीची उंची त्रिज्या, म्हणजे व्यासाचा अर्धा, आणि घनफळ तृतीयांशाने. इथेही तोच तीन लपला आहे.

तिसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम मोठा, तासिका कमी, प्रश्नपत्रिकेत ‘का’ विचारत नाहीत. यातले शेवटचे खरे आहे आणि ते बदलायला हवे. बाकी हिशेब उलटा लागतो. सहा सूत्रे वेगवेगळी पाठ करून परीक्षेत एक तृतीयांश कोणाला आणि चार तृतीयांश कोणाला यावर अडखळण्यापेक्षा, दोन तासिका देऊन एक कारण पक्के करणे स्वस्त पडते. ज्याला कारण ठाऊक आहे त्याचे चुकलेले उत्तर त्यालाच खटकते. गोलाचे घनफळ त्याला बाहेरून वेढणाऱ्या वृत्तचितीहून मोठे आले तर तो पुन्हा पाहतो. पायलीवर सहा सेंटिमीटर उंच शीग चढली तर माप जणू दोन सेंटिमीटर उंच झाले, हे त्याला कागद न घेता सांगता येते. आणि कलनशास्त्र पुढे येईलच, हे म्हणणे फक्त विज्ञान शाखेला जाणाऱ्यांपुरते खरे आहे. तिथेही वर्गाच्या संकलनात येणारा भागिले तीन हा शंकूचाच तीन आहे, हे क्वचितच कोणी सांगतो. दहावीनंतर गणित सोडणाऱ्याला तर ते कधीच कळत नाही.

म्हणून शिक्षकांना एवढेच सांगणे आहे. शंकूचे सूत्र फळ्यावर लिहिण्यापूर्वी एक तासिका पुठ्ठा, कात्री आणि चिकटपट्टीला द्या. वर दिलेल्या मापाच्या तीन सूची प्रत्येक गटाकडून करून घ्या, त्यांचा घन जुळवायला लावा, आणि तो जुळल्यावर ‘तीनने का भागायचे’ हे मुलांनाच सांगू द्या.